बंगालच्या सहलीची आखणी

पश्चिम बंगालचा नकाशा पाहणाऱ्याच्या ध्यानात पहिली गोष्ट येते ती त्याचा आकार. दक्षिणेकडे रुंद, मध्ये मानेसारखा चिंचोळा आणि उत्तरेकडे पुन्हा पूर्व-पश्चिम पसरलेला असा हा प्रदेश आहे. त्याचे पाय बंगालच्या उपसागरात आहेत आणि माथा हिमालयात. हिमालय आणि सागर ही दोन्ही ज्याच्या सीमेत येतात असे भारतात हे एकच राज्य. क्षेत्रफळ ८८,७५२ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक-तृतीयांशापेक्षाही कमी. आणि या आकड्यानेच महाराष्ट्रातून निघणारा प्रवासी फसतो. एवढेसे राज्य, आठ दिवसांत सगळे पाहून होईल, असे त्याला वाटते. कोलकात्यात दोन दिवस, दार्जिलिंगला तीन, एक दिवस सुंदरबन, एक शांतिनिकेतन, उरलेल्या दिवशी दिघ्याचा समुद्र, असा बेत कागदावर फार देखणा दिसतो. प्रत्यक्षात त्या आठ दिवसांपैकी निम्मे दिवस गाडीत जातात, आणि उरलेल्या निम्म्यांत ढग, चिखल किंवा कुलूप यांपैकी काहीतरी वाट्याला येते.

याचे एक कारण अंतर हे होय. कोलकाता हे राज्याच्या मध्यभागी नसून जवळजवळ दक्षिण टोकाला आहे. तेथून दार्जिलिंगच्या पायथ्याचे न्यू जलपाईगुडी स्थानक साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक दूर पडते. फाळणीपूर्वी दार्जिलिंग मेल पूर्व बंगालातून पद्मा नदी ओलांडून बऱ्याच सरळ वाटेने सिलिगुडीला जात असे. १९४७ साली ती वाट मध्येच परदेशात गेली. पुढे कित्येक वर्षे उत्तर बंगालला जाणारा प्रवासी गाडीतून उतरून गंगा बोटीने ओलांडीत असे व पैलतीरी दुसऱ्या गाडीत बसत असे. १९७५ साली कार्यान्वित झालेल्या फराक्का धरणाने हा खटाटोप संपविला, परंतु वळसा मात्र कायम राहिला. सिलिगुडीजवळ राज्याची रुंदी अवघी वीस-बावीस किलोमीटर उरते. एका बाजूस नेपाळ, दुसऱ्या बाजूस बांगलादेश. ज्या राज्याचे दोन भाग अशा एका धाग्याने जोडलेले आहेत, ते एका दमात पाहू जाणे म्हणजे रत्नागिरी आणि गडचिरोली एकाच आठवड्यात पाहण्यासारखे आहे.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे, आणि त्याकडे बहुधा दुर्लक्ष होते. या राज्यात एकाच महिन्यात एका ठिकाणी जाण्यासारखा दुसरा काळ नसतो, तर दुसऱ्या ठिकाणी जाऊ नये अशी स्थिती असते. म्हणून बंगालच्या सहलीची आखणी करताना नकाशा उघडण्यापूर्वी पंचांग उघडावे. महाराष्ट्रातील कुटुंबाला खऱ्या अर्थाने मोकळे असे दोनच काळ मिळतात, मे महिना आणि दिवाळी. फार तर नाताळचा आठवडा. यांतला कोणता काळ हाती आहे यावर कोणता बंगाल पाहावयाचा हे ठरते.

मे महिन्याचा विचार आधी करू. या दिवसांत दक्षिण बंगालमध्ये उकाडा असह्य होतो. तो निव्वळ उन्हाचा नव्हे, दमट हवेचा. विदर्भातील ४४ अंशांचा उन्हाळा सोसलेला माणूससुद्धा कोलकात्याच्या ३७ अंशांत कासावीस होतो, कारण घाम वाळतच नाही. दुपार कलली की कधीकधी वायव्येकडून काळे ढग धावून येतात, धुळीचा लोट उठतो आणि वीज-वाऱ्यासह पाऊस कोसळतो. याला तेथे कालबैशाखी म्हणतात. आपल्याकडच्या वळिवाचीच ही थोरली बहीण, पण स्वभावाने फार तापट. शहरात तिचा आनंद घेता येतो. नदीच्या पात्रात, होडीत असताना मात्र तो घेता येत नाही.

पण मे महिन्याचा खरा धोका समुद्राकडून येतो. २५ मे २००९ रोजी आयला, २० मे २०२० रोजी अम्फान, २६ मे २०२१ रोजी यास आणि २६ मे २०२४ रोजी रेमाल, या चारही चक्रीवादळांनी बंगालच्या किनाऱ्याला तडाखा दिला. तारखा पाहाव्यात. पावसाळ्यापूर्वी उपसागराचे पाणी तापलेले असते, आणि त्या तापलेल्या पाण्यावर वादळे पोसली जातात. मे महिन्याचा उत्तरार्ध हा नेमका त्यांचा हंगाम. शाळेचा निकाल लागल्यावर, गर्दी ओसरल्यावर, स्वस्तात खोली मिळते म्हणून मेच्या चौथ्या आठवड्यात दिघा किंवा सुंदरबन यांचा बेत आखणे हा साधा गैरसोयीचा प्रश्न राहत नाही. हवामान खाते आता चार-पाच दिवस आधी इशारा देते व सरकार किनारा रिकामा करते हे खरे. तथापि मुलाबाळांसह परमुलखात असलेल्या प्रवाशाने त्या धावपळीत सापडावे कशाला?

म्हणून मे महिन्यात समुद्र आणि खाडी सरळ वगळावी आणि डोंगर धरावा. मुंबईहून गुवाहाटीकडे जाणाऱ्या काही गाड्या न्यू जलपाईगुडीवरून जातात, आणि बागडोगऱ्याला विमानतळ आहे. तेव्हा कोलकात्याला न शिवताही उत्तर बंगाल गाठता येतो. दार्जिलिंग, कालिंपाँग, कर्सियांग येथे या दिवसांत सुखद गारवा असतो. चहाच्या मळ्यांत दुसऱ्या खुडणीची लगबग चालू असते, आणि पाने वाळवण्यापासून डबे भरण्यापर्यंतचे काम कारखान्यात पाहता येते. हिवाळ्यात गेलेल्यास बंद यंत्रे तेवढी दिसतात. डोंगराच्या पायथ्याशी डुआर्सचा जंगलपट्टा आहे. त्यातील जलदापाड्याच्या गवताळ रानात तीनशेच्या आसपास एकशिंगी गेंडे आहेत. काझीरंगाखालोखाल हीच त्यांची मोठी वस्ती. ही जंगले जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बंद असतात, म्हणून मे महिना हा त्यांचा शेवटचा मोकळा महिना समजावा. या बेतात एका गोष्टीची अपेक्षा मात्र ठेवू नये. कांचनगंगा मे महिन्यात बहुधा ढगांआड असते. ती एखाद्या पहाटे दिसलीच तर भाग्य म्हणावे. तिच्यासाठीच जावयाचे असेल तर दिवाळीची वाट पाहावी.

पावसाळ्याबद्दल फार सांगावयास नको. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येणारा मोसमी पाऊस ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत रेंगाळतो, डोंगरात दरडी कोसळतात. इलिश माशाचा हंगाम तेवढा हाच. केवळ त्या एका माशासाठी पावसाळ्यात कोलकात्याला जाणारे रसिक महाराष्ट्रातही असतील, पण त्यांना आखणीचा सल्ला कोण देणार?

दिवाळीची सुटी ही बंगालसाठी सर्वांत सोयीची. मात्र ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यावर विसंबू नये. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी सिक्कीममधील हिमसरोवर फुटून तिस्तेला प्रलय आला. २०२५ साली ४ आणि ५ ऑक्टोबरला दार्जिलिंग जिल्ह्यात अतिवृष्टी होऊन मिरीक परिसरात दरडींखाली वीसहून अधिक माणसे दगावली. दिवाळी बहुधा त्यानंतर येते, आकाश धुऊन निघालेले असते, आणि तोवर बंगाली माणसांची पूजेची सुटीही संपत आलेली असते. हा शेवटचा मुद्दा लहान नाही. बंगाली गृहस्थ हा भारतातील सर्वांत उत्साही प्रवासी आहे. नवरात्राच्या दिवसांत, म्हणजे दुर्गापूजेच्या सुटीत, तो सहकुटुंब बाहेर पडतो व आपल्याच राज्यातील दिघा-दार्जिलिंगच्या खोल्या महिनोन्‌महिने आधी भरून टाकतो. ज्याला दुर्गापूजा पाहावयाची आहे त्याने ती अवश्य पाहावी. २०२१ साली युनेस्कोने तिला जगाच्या सांस्कृतिक वारशात स्थान दिले आहे. पण त्या पाच दिवसांत कोलकात्याचे मंडपच पाहावेत, दुसरीकडे जाण्याचा विचार करू नये.

आता दिवाळीच्या बेताचा क्रम. सामान्यतः लोक हावड्याला उतरतात, कोलकात्यात मुक्काम करतात आणि तेथून एकेका दिशेला जाऊन परत येतात. चाकाच्या आऱ्यांवरून पुन्हा पुन्हा आसाकडे यावे तसे हे आहे. प्रत्येक आरा दोनदा तुडवावा लागतो. याऐवजी कोलकाता शेवटी ठेवावे. मुंबई किंवा पुण्याहून नागपूरमार्गे जाणारी गाडी तीस तासांच्या आसपास हावड्याला पोहोचते, आणि त्याआधी खरगपूरला थांबते. तेथेच उतरावे. मिदनापूरमार्गे उत्तरेस जाणाऱ्या गाडीने विष्णुपूर दोन तासांच्या सुमारास येते.

विष्णुपूर हे मल्ल राजांच्या राजधानीचे गाव. खरगपूरपासून जमिनीचा रंग तांबडा होत जातो आणि कोकणातून आलेल्या माणसाला आपला जांभा येथे भेटल्याचे नवल वाटते. हा राढ प्रदेश. गाळाच्या बंगालमध्ये दगड नाहीच. येथे आहे तो जांभा, आणि जांभ्यावर बारीक कोरीव काम होत नाही हे रत्नागिरीच्या गवंड्याला कोणी सांगावयास नको. तेव्हा मल्ल राजांच्या कारागिरांनी मातीला हात घातला. ओल्या मातीच्या फरशांवर आकृती घडवावयाच्या, त्या भट्टीत भाजावयाच्या आणि विटांच्या भिंतीवर जडवावयाच्या. १६४३ सालचे श्यामराय मंदिर आणि १६५५ सालचे जोडबंगला मंदिर यांच्या भिंतींवर तळव्याएवढी जागा रिकामी नाही. रामायणातील युद्धे, कृष्णलीला, शिकारी, नौका, वादक यांची गर्दी आहे. वेरूळचा कारागीर अखंड खडकातून नको असलेले काढून टाकीत गेला. येथील कारागीर मूठभर मातीला मूठभर माती जोडीत गेला. मंदिरांचे छप्परही पाहण्यासारखे. त्याची कड धनुष्यासारखी खाली वाकलेली आहे, कारण ती बांबूवर शाकारलेल्या बंगाली झोपडीची विटांत केलेली नक्कल आहे. आपल्या भाषेत श्रीमंतीचा वास असलेला ‘बंगला’ हा शब्द मुळात याच प्रदेशाच्या नावावरून आलेला आहे.

विष्णुपुरात दलमादल नावाची एक प्रचंड तोफ उघड्यावर पडलेली आहे. मराठी माणसाने ती अवश्य पाहावी. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर, ज्यांना बंगालचा इतिहास भास्कर पंडित म्हणतो, मोठे घोडदळ घेऊन या मुलखात शिरले. विष्णुपूरवर हल्ला झाला तेव्हा राजा नामसंकीर्तनात दंग होता आणि राजदैवत मदनमोहनाने स्वतः ही तोफ डागून मराठ्यांना पिटाळले, अशी तेथील लोककथा आहे. सरकारी घोड्यावर चाकरी करणारा स्वार तो बारगीर. त्याचे तेथे ‘बर्गी’ झाले, आणि बर्गी येतील अशी भीती घालून मुलांना निजविणारे अंगाईगीत बंगालच्या घराघरांत आजही ठाऊक आहे. गंगाराम नावाच्या कवीने त्या काळावर लिहिलेल्या बंगाली काव्याचे नाव ‘महाराष्ट्र पुराण’ असे आहे; नावावरून ती स्तुती असावी असे वाटते, आत जळालेली गावे आहेत. त्याच वर्षी भास्कररामांनी काटव्याजवळ दाईंहाट येथे दुर्गापूजा मांडली होती आणि नवाब अलिवर्दीखानाच्या छाप्यामुळे ती अर्धी टाकून त्यांना निघावे लागले. १७४४ साली नवाबाने त्यांना भेटीस बोलावून मारले. १७५१ च्या तहाने बारा लाखांची चौथ ठरली व हे पर्व संपले. एकोणिसावे शतक उलटले तेव्हा याच बंगालने शिवाजी उत्सव साजरा केला आणि रवींद्रनाथांनी शिवाजीवर कविता लिहिली. त्या मनःपरिवर्तनात सखाराम गणेश देऊस्कर या बंगालीत लिहिणाऱ्या मराठी गृहस्थाचा मोठा वाटा होता. त्यांचे ‘देशेर कथा’ हे पुस्तक १९०४ चे. सहलीला निघालेल्या माणसाने ही दोन्ही पाने ठाऊक करून घेऊन जावे. कारण गाइड तोफेजवळ उभा राहून मराठ्यांची कथा सांगतो, आणि ऐकणारा कोठला आहे हे त्याला बहुधा माहीत नसते.

विष्णुपूरहून दुर्गापूरमार्गे मोटारीने तीन-साडेतीन तासांत बोलपूर, म्हणजे शांतिनिकेतन, गाठता येते. देवेंद्रनाथ ठाकुरांनी १८६३ साली येथील ओसाड माळावर आश्रम वसविला, रवींद्रनाथांनी १९०१ साली शाळा काढली, १९२१ साली विश्वभारती स्थापन झाली आणि २०२३ साली युनेस्कोने शांतिनिकेतनला जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली. येथे एक खबरदारी घ्यावी. विश्वभारतीची साप्ताहिक सुटी रविवारी नसून बुधवारी असते. झाडांखाली भरणारे वर्ग पाहावयाचे असल्यास सुटीच्या दिवसांचे कोष्टक आधी पाहून जावे; पूजेच्या लांब सुटीत वृक्ष तेवढे जागेवर असतात. रामकिंकर बैज यांचे १९३८ चे ‘संथाल कुटुंब’ हे शिल्प मात्र कोणत्याही दिवशी उघड्यावर उभे आहे. डोक्यावर संसार घेऊन चाललेली माणसे, बरोबर कुत्रे. सिमेंट आणि खडी यांतून इतकी चालती आकृती निघते हे पाहूनच पटते. या संस्थेत मराठी माणसेही रमली आहेत. भीमराव शास्त्रींनी येथे संगीत शिकविले, विनायक मासोजी कलाभवनात अध्यापक होते, आणि पु. ल. देशपांडे यांनी पन्नाशी उलटल्यावर येथे राहून बंगाली आत्मसात केली, तिचे फळ म्हणजे ‘वंगचित्रे’. सहलीपूर्वी वाचण्यासाठी मराठीत याहून चांगले पुस्तक मिळणे कठीण.

बोलपूरहून कोलकात्याला परतू नये. उत्तरेकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या येथे थांबतात. २०२२ च्या अखेरीस सुरू झालेल्या वंदे भारत गाडीने सकाळी निघून दुपारी न्यू जलपाईगुडी गाठता येते, आणि फराक्क्याचे दोन किलोमीटरांहून लांब धरण दिवसाउजेडी ओलांडता येते. गंगा येथेच दुभंगते. मोठा ओघ पद्मा या नावाने बांगलादेशात जातो, धाकटा भागीरथी होऊन कोलकात्याकडे वळतो. वाटेतील मालदा येथे इतिहासाची आवड असलेल्याने एक दिवस मोडावा. गौड आणि पंडुआ या जुन्या राजधान्यांचे अवशेष तेथून जवळ आहेत, आणि पंडुआची चौदाव्या शतकातील अदिना मशीद एके काळी या उपखंडातील सर्वांत मोठ्या मशिदींपैकी एक होती. इतरांनी पुढे जावे.

दार्जिलिंगची छोटी गाडी १८८१ साली पूर्ण झाली. माथेरानच्या गाडीत बसलेल्यांना तिचा परिचय निराळा करून द्यावयास नको. रुळांतील अंतर तेच, दोन फूट. परंतु माथेरानची गाडी २१ किलोमीटरांत समुद्रसपाटीपासून आठशे मीटर उंचीवर जाते, तर ही ८८ किलोमीटरांत घूम स्थानकाच्या २,२५८ मीटर उंचीपर्यंत चढते. मध्ये बोगदा एकही नाही. चढ फार झाला की ती स्वतःभोवती गिरकी घेते किंवा मागे सरकून पुन्हा पुढे येते. सगळा प्रवास तिने करावयाचा तर अख्खा दिवस जातो. वेळ थोडा असणाऱ्याने मोटारीने वर जावे आणि दार्जिलिंग ते घूम एवढीच फेरी घ्यावी. दिवाळीत रात्री पारा आठ-दहा अंशांवर उतरतो, तेव्हा महाबळेश्वरी स्वेटरावर भागणार नाही. टायगर हिलवर पहाटे जाण्याचा शिरस्ता आहे. ८,५८६ मीटर उंचीच्या कांचनगंगेवर प्रथम गुलाबी, मग सोनेरी प्रकाश उतरतो तो पाहण्यास शेकडो माणसे अंधारात उभी राहतात. गर्दीचा कंटाळा असलेल्यास तेच शिखर चौरस्त्याजवळच्या रस्त्यावरून, फिरत फिरत, हवा स्वच्छ असल्यास दिवसभरही पाहता येते. एव्हरेस्टविजयानंतर १९५४ साली स्थापन झालेली आणि तेनसिंग नोर्गे यांच्या नावाशी जोडलेली गिर्यारोहण संस्था व तिच्या शेजारचे प्राणिसंग्रहालय गुरुवारी बंद असते.

येथून रात्रीच्या गाडीने कोलकाता. आता शहरासाठी तीन दिवस निवांत उरतात. हावड्याचा १९४३ सालचा पूल, १९२१ सालचे व्हिक्टोरिया स्मारक, १८१४ साली स्थापन झालेले आणि भारहूतचे कठडे जपणारे इंडियन म्युझियम, जोडासाँको येथील ठाकुरांचा वाडा, दक्षिणेश्वर, बेलूर ही नावे सर्वांच्या यादीत असतातच. स्मारक आणि म्युझियम सोमवारी बंद असतात एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले. भारतातील पहिली मेट्रो १९८४ साली येथे धावली आणि मार्च २०२४ पासून हुगळीच्या पात्राखालूनही धावू लागली. यादीत नसलेली एक जागा सांगितली पाहिजे. बागबाजार भागात ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली आहे. १७४३ साली मराठ्यांच्या धास्तीने शहराभोवती खंदक खणावयास सुरुवात झाली. तो पुरा होण्यापूर्वीच धास्ती संपली, आणि मराठे शहरात आलेच नाहीत. पुढे तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड बांधला गेला. आज हाजरा रस्त्यावर मराठी मंडळींची ‘महाराष्ट्र निवास’ ही जुनी वास्तू आहे.

दिवाळीच्या रात्री कोलकात्यात असणाऱ्या मराठी कुटुंबाला एक आश्चर्य भेटते. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाची अमावस्या, तेथे मुख्यतः कालीपूजेची. लक्ष्मीची पूजा बंगालने पंधरा दिवस आधी, कोजागरीच्या रात्रीच उरकलेली असते. कुमारटोळीत, म्हणजे तेथील पेणमध्ये, गवताच्या सांगाड्यावर मातीच्या मूर्ती घडताना पाहाव्यात. भाऊबीजही तेथे आहे, तिला भाइफोटा म्हणतात. बहीण डाव्या हाताच्या करंगळीने भावाच्या कपाळी चंदनाचा टिळा लावते. सुटी उरली असल्यास कार्तिक शुद्ध नवमीला चंदननगरची जगद्धात्रीपूजा व तिची रोषणाई पाहून परतावे. जेवणाच्या बाबतीत शाकाहारी मंडळींनी ‘निरामिष’ हा शब्द ध्यानात ठेवावा. नुसते ‘मांस नको’ म्हटल्यास मासा येण्याचा संभव असतो, कारण पुष्कळ बंगाली घरांत मासा हा भाताइतकाच नित्याचा, आणि ब्राह्मणाच्या पानातही तो निषिद्ध नाही.

या साऱ्या बेतात सुंदरबन आले नाही, ते मुद्दाम. त्याला हिवाळाच द्यावा, आणि एक दिवस नव्हे तर किमान दोन रात्री द्याव्यात. नाताळच्या सुटीत शियालदहून लोकलने कॅनिंग, तेथून मोटारीने गोदखाली आणि पुढे बोट, असा हा रस्ता आहे. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाने बनलेले सुमारे दहा हजार चौरस किलोमीटरांचे हे खारफुटीचे रान. त्यातील साठ टक्के बांगलादेशात, उरलेले भारतात. भारतीय भागातील १०२ बेटांपैकी ५४ बेटांवर माणसे राहतात. तेथे जमीन ही स्थिर वस्तू नाही. दिवसातून दोनदा भरती येते, झाडे गुडघाभर पाण्यात उभी राहतात. ओहोटी लागली की चिखलाचे काठ वर येतात आणि श्वास घेण्यासाठी वर काढलेली असंख्य मुळे भाल्यांसारखी दिसू लागतात. बेटांवरील शेती बांधांच्या आधाराने जगते. बांध फुटून खारे पाणी शिरले की जमीन काही वर्षे नापीक होते. आयलानंतर हेच झाले आणि हजारो तरुण मजुरीसाठी परराज्यांत गेले. त्यांतले काही महाराष्ट्रातही आले.

प्रवासी येथे वाघासाठी येतो. १९७३ साली येथे व्याघ्रप्रकल्प झाला, आणि भारताच्या बाजूस वाघांची संख्या शंभराच्या आसपास आहे. पण ताडोब्याची सवय असलेल्याने तशी अपेक्षा बाळगू नये. येथे रस्ता नाही, जीप नाही, रानात उतरण्यास मनाई. बोटीतून आणि सजनेखाली, सुधन्यखाली, दोबांकी येथील मनोऱ्यांवरून दिसेल ते पाहावयाचे. ओल्या चिखलावर उमटलेला पंजा दिसला तरी पुष्कळ. हिवाळ्यात मगरी मात्र उन्हाला येऊन काठावर पडतात, खंड्या पक्ष्यांच्या निरनिराळ्या जाती दिसतात, आणि वारा शांत असल्याने बोट सुखाने चालते. बोटीवर वनखात्याचा परवाना व वाटाड्या असलाच पाहिजे. त्यासाठी प्रत्येकाचे ओळखपत्र लागते, लहान मुलांचेही विसरू नये. गावात एखादे बनबीबीचे देऊळ दिसेल. मध गोळा करणारे व मासे धरणारे, हिंदू आणि मुसलमान दोघेही, रानात पाय टाकण्यापूर्वी तिला शरण जातात. त्यांना वाघाची भेट नको असते. सहलीला आलेल्यांच्या नवसाहून त्यांचा नवस अगदी उलटा आहे.

हिवाळ्यातच दिघाही जोडता येतो. कोलकात्यापासून सुमारे १८५ किलोमीटरांवरचा हा किनारा कोकणच्या किनाऱ्यासारखा नाही. डोंगर, माड, खडक यांची सोबत त्याला नाही; सपाट, घट्ट वाळू आणि दूरवर उथळ पाणी. कोकणात सूर्य समुद्रात मावळतो, येथे हिवाळ्यात तो समुद्रातून वर येताना दिसतो. सुट्यांत गर्दी फार. २०२५ च्या एप्रिलअखेर तेथे जगन्नाथाचे नवे मोठे मंदिर उघडले, त्यामुळे ती आणखी वाढली आहे. निवांतपणा हवा असल्यास मंदारमणी किंवा ताजपूर पाहावे. बंकिमचंद्रांची ‘कपालकुंडला’ ज्यांनी वाचली असेल त्यांना हा किनारा ओळखीचा वाटेल. गंगासागराहून परतणाऱ्या नवकुमारला सोबती सोडून जातात तो रसुलपूर नदीच्या मुखाचा प्रदेश येथून लांब नाही. स्वतः गंगासागराची यात्रा मकरसंक्रांतीची. तेव्हा लाखो माणसे सागरद्वीपावर लोटतात आणि मुडीगंगा ओलांडणाऱ्या बोटी भरती-ओहोटीच्या तंत्राने चालतात. वृद्ध मातापित्यांना स्नान घडवावयाचे असल्यास संक्रांत टाळून जानेवारीच्या अखेरीस जावे; देव तोच, पाणी तेच, चेंगराचेंगरी मात्र नाही. आणि याच महिन्यांत खजुराच्या रसाचा नवा गूळ निघतो; त्याचा संदेश आणि रसगुल्ला मार्चनंतर मागू नये.

फाल्गुनात ज्यांना चार दिवस काढता येतील त्यांच्यासाठी पुरुलिया आहे. पळस फुलून डोंगर पेटल्यासारखे दिसतात आणि चडिदा गावात छाउ नृत्याचे मुखवटे रंगविण्याचे काम घराघरांत चालते.

राहता राहिला प्रश्न तिकिटांचा. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. दिवाळीच्या बेतात आधी न्यू जलपाईगुडी ते कोलकाता हे रात्रीचे तिकीट काढावे, मग मुंबईहून जाण्यायेण्याचे, कारण पहिल्याचीच टंचाई अधिक. पूजेहून परतणारे बंगाली आणि डोंगरातून उतरणारे सगळे त्याच चार-पाच गाड्यांवर अवलंबून असतात. ते मिळाले नाही तर बेताचा क्रम उलटा करावा. खरगपूरऐवजी हावडा, मग दार्जिलिंग, आणि परतताना बोलपूर, विष्णुपूर करीत खरगपूरला मुंबईची गाडी पकडावी. दलमादल तोफ मग शेवटच्या दिवशी पाहावयास मिळेल.